पौर्णिमेला नळाला आलेलं पाणी

१

जीपमधून उतरताना नायब तहसीलदार प्रियंका सोमकुवरचा पाय चिखलात पडला. मे महिन्याचं ऊन सकाळपासूनच भाजत होतं. सावळखेड्याच्या भीमनगरात आठवडाभर नळाला पाणी नाही, अशी तक्रार तिच्या सौसरच्या कचेरीतल्या टेबलावर पडून होती, आणि इथे तर अख्खी गल्ली ओली होती. दारादारांत ड्रम आडवे पडले होते, पाण्याचे गुंड पालथे घातले होते.

पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. शाळेच्या दोन वर्गांत सतरंज्या टाकून माणसं निजवली होती. सलाईनच्या बाटल्या खिडक्यांच्या गजांना बांधल्या होत्या. उलट्या-जुलाबांनी रात्रीतून अर्धी वस्ती आडवी झाली होती. डॉक्टर हिमानी एका सतरंजीवरून दुसऱ्या सतरंजीकडे पळत होती, आणि तिच्या हातातल्या टॉर्चचा दिवा दिवसाढवळ्या तसाच चालू राहिला होता.

"खीर असेल मॅडम," ती प्रियंकाला म्हणाली. "काल बुद्धपौर्णिमेचं खीरदान होतं. दूध, त्यात हे ऊन. नमुना सील करून घेतलाय."

विहाराच्या ओसरीवर खिरीचं मोठं पातेलं होतं. झाकण घातलेलं, वर सरकारी चिंधी आणि लाख. आत अजून चौथाई खीर शिल्लक होती.

शाळेच्या कोपऱ्यात लीलाबाई निजल्या होत्या. मजुरी करून पोट भरणारी बाई. कालची खीर त्यांनीच ढवळली होती. त्यांची मुलगी अलका त्यांचे पाय चोळत होती. अलकाच्या लहान मुलीला पहाटेच नागपूरला हलवलं होतं. तिचा नवरा विशाल सोबत गेला होता, आणि अलका मांडीवरच्या मोबाईलकडे बघत आईचे पाय चोळत होती.

"लोक म्हून राहिले, मायच्या खिरीनं झालं," ती प्रियंकाकडे न बघता म्हणाली. "मायनं ऐकलं थे. तवापासून डोये मिटून घेतले तिनं. म्याडम, तिले सांगा ना, खिरीनं नाई झालं म्हून. तुमचं ऐकीन थे."

प्रियंका वाकली. पण तिला अजून काहीच माहीत नव्हतं. खोटं बोलावं की नाही हे ठरवेपर्यंत लीलाबाईंच्या छातीची हालचाल थांबली.

अलकाचा आक्रोश ऐकून बाहेरची माणसं आत धावली. त्यांत सगळ्यात पुढे भीमनगरची पार्षद, नगर परिषदेत निवडून गेलेली करुणा होती. तिशीतली, पायघोळ साडीतली, घामानं चिंब. हात कोपरापर्यंत ओले. ती अलकाला कवेत घेऊन खाली बसली, आणि प्रियंकाकडे बघून तिनं जे म्हटलं ते शाळेच्या अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"हा खून हाय म्याडम. कोनाचा हात हाय थे शोधा."

२

सावळखेडा नगर परिषदेच्या इमारतीसमोर दुपारपर्यंत गर्दी जमली. अध्यक्ष गजेंद्रभाऊंच्या नावानं घोषणा चालल्या होत्या. आतल्या खोलीत कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता, कारण कूलरमध्ये टाकायलाही पाणी नव्हतं.

मुख्य नगरपालिका अधिकारी भाऊराव डोंगरे खुर्चीच्या टोकावर बसले होते. "मॅडम, पाण्याचा प्रश्नच नाही. नव्या टाकीची मोटर जळून आठवडा झाला. गावात आम्ही थेंब सोडलेला नाही. मग पाण्यानं कसं काय होईल?"

"काल सकाळी भीमनगरात नळ आला होता म्हणतात."

"पाइपात उरलंसुरलं असेल."

"उरल्यासुरल्या पाण्यानं अख्ख्या वस्तीचे ड्रम भरतात?"

डोंगरेंनी अध्यक्षांकडे पाहिलं. गजेंद्रभाऊ हसले. संत्र्याच्या बागा, दोन ट्रक, पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिस झाल्यापासून तिथंच उठबस. "म्याडम, बाया वाढवून सांगतेत. खीर खाऊन पोट बिघडलं. आमचं बी पोट बिघडते कधी कधी. आज सकायीच नागपूरवरून नवी मोटर आली. टाकी भरून राहिली. सांजले सगळ्या गावाले पानी भेटते, विषय खतम."

"जुनी टाकी?" प्रियंकाने विचारलं. टेकाडावर अर्धी जमिनीत गाडलेली एक दगडी टाकी गावात येताना तिनं पाहिली होती. तिला नवा पांढरा रंग दिला होता.

"तिची दुरुस्ती झाली. साफसफाई झाली. परिषदेच्या बैठकीत मीच सांगतलं सगळ्या पार्षदाइले. पानी बी भरून ठेवलं हाय. पण लोकार्पण नाई झालं. मंत्रीजींची तारीख भेटली का त्याइच्याच हातानं व्हॉल्व उघडू. दोन्ही टाक्याइच्या लाइना जिथं जुळतेत त्या चेंबरले तवरोक कुलूप हाय, आन् किल्ली ह्या बाबूजवळ."

दाराशी उभा असलेला सुमेध पुढे आला. नगर परिषदेचा व्हॉल्वमन, दैनिक वेतनावर, राहणार भीमनगरचाच. लीलाबाई त्याची सख्खी मावशी. रडून त्याचे डोळे सुजले होते.

"काल किल्ली कुठे होती?" प्रियंकाने विचारलं.

"माह्या खिशात, म्याडम."

"आणि तुम्ही?"

"तिगावले. मित्राच्या लग्नात. शनवारी सांजच्या गाडीनं गेलतो, काल रातच्याले आलो."

"किल्ली सोबत नेली होती?"

"हो जी."

"कोणी मागितली, कोणी हात लावला, मधे कोणाकडे दिली?"

"कोनाले नाई," सुमेध लगेच म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाला. "कोनीच हात नाई लावला. मीच जिम्मेदार हाव."

बाहेर गलका वाढला. दार ढकलून करुणा आत आली. तिच्यामागे दोन बाया. "सांजले पानी सोडून राहिले म्हंते?" ती डोंगरेंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून ओरडली. "नका सोडू! मी सांगून राहिली, नका सोडू!"

गजेंद्रभाऊंनी खुर्ची मागे सरकवली. "आता काय बाई? परवाच तूच इथं रिकामे गुंड आपटले ना माह्या टेबलावर, पानी दे, पानी दे करून?"

करुणाने हात टेबलावरून काढले. एकदा तिनं सुमेधकडे पाहिलं, आणि आली तशी निघून गेली.

प्रियंकाचा मोबाईल वाजला. तिचे वरिष्ठ, एसडीएम साहेब होते. दवाखान्यात हात धुवायला पाणी नाही, महामार्गावर लोक बसायच्या बेतात आहेत. संध्याकाळी नवी टाकी सोडायचा आदेश निघाला होता.

३

शाळेत परत आल्यावर प्रियंकाने आधी खिरीचा प्रश्न धसास लावला. तिचं माहेर मोहगावचं. काल मोहगावहून बरीच माणसं इथे खीरदानाला आली होती. तिनं काकूला फोन केला.

"मी तं दोन वाट्या खाल्ल्या बाई," काकू म्हणाली. "लीलाबाईची खीर कोन सोडते? आमी सगळे चांगले हावो. पानी तेवढं आमी घरून बाटल्याइनं नेलं होतं. तिथं पान्याची बोंब हाय हे मालूम होतं ना."

खीर खाल्लेली मोहगावची माणसं ठणठणीत. आणि इकडे शेवटच्या सतरंजीवर म्हातारे भिवाजी सलाईन घेत पडले होते. त्यांना साखरेचा आजार. गोडाचा कण तोंडात घेत नाहीत. चार वर्षांत खाटेवरून उठले नाहीत, विहारात गेले नाहीत. त्यांना सुनेनं फक्त नळाचं पाणी पाजलं होतं.

"पाणीच," हिमानी हळूच म्हणाली. "मला दुपारी तीच शंका आली. आत्ताच मी सगळ्यांना सांगायला लावलं की साठवलेलं पाणी फेका."

"आत्ता?"

"हो. तासभर झाला असेल. सकाळी मी खिरीच्याच मागे होते ना."

प्रियंकाला सकाळचा चिखल आठवला. ती टेकाडाकडे निघाली.

जुन्या टाकीच्या भिंतीवर पांढऱ्या चुन्याचा वास अजून होता. दर्शनी बाजूला कोनशिला बसवून त्यावर लाल कापड ताणलं होतं. टाकीच्या पायथ्याशी जिथे व्हॉल्वचं चेंबर असायला हवं, तिथे मात्र विटा-मुरमाचा ढीग होता. वरचा मुरूम अजून ओलसर, ट्रकच्या चाकांच्या खुणा ताज्या.

ती वरच्या लोखंडी जाळीपर्यंत चढली आणि तिनं नाक जवळ नेलं. दुसऱ्याच क्षणी तिला पदर तोंडावर धरावा लागला. वरच्या वस्तीचे शोषखड्डे टेकाडाच्याच अंगाला होते. रंग बाहेरून लावला होता. आत काय झिरपत होतं ते अंधारात दिसत नव्हतं, पण वास स्वच्छ टाकीचा नव्हता.

"उतरा म्याडम, पडसान."

खाली गजेंद्रभाऊ उभे होते. सोबत दोन माणसं.

"हा मुरूम आज टाकला?" तिनं वरूनच विचारलं.

"मंत्रीजींची गाडी वर यायले रस्ता नको?"

"लोक मरताहेत त्या दिवशी रस्ता?"

गजेंद्रभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुमी नव्या हा. जाळीतून वास आला म्हून लिहून द्या का टाकी खराब हाय. मी लिहून देतो का टाकी बंद हाय, कुलूप जसंच्या तसं हाय, आन् किल्ली तिगावले होती. बंद टाकीचं पानी लोकाइच्या पोटात कसं गेलं, थे सांगा पयले."

उतरता उतरता तिनं एसडीएम साहेबांना फोन लावला. त्यांनीही तेच विचारलं. "वासावर मी अख्ख्या गावाचं आणि दवाखान्याचं पाणी कसं अडवू? कुलूपबंद व्हॉल्व कोणी उघडला, उघडला तर नीट बंद केला का, हे सांगणारा एक माणूस द्या. नाहीतर पाणी सुटेल."

ऊन कलायला लागलं होतं. नव्या टाकीवरून मोटरीचा आवाज गावभर येत होता.

४

शाळेमागच्या लिंबाखाली सुमेध एकटाच बसला होता. प्रियंका त्याच्यासमोर खाली मातीतच बसली.

"सुमेधभाऊ, तुम्ही खोटं बोलून राहिले."

त्यानं मान वर केली नाही.

"तुम्ही तिगावला होते हे खरं. लग्नातल्या माणसांना मी फोन केला. पण काल जुन्या टाकीचं पाणी वस्तीत आलं, हेही खरं. नळाला दुसरं पाणी नव्हतंच. मग किल्ली तुमच्या खिशात तिगावला असेल तर कुलूप कसं उघडलं?"

"मालूम नाई."

"आपल्यावर बालंट आलं तर माणूस म्हणतो, कोणी काढली असेल, कोणी दुसरी बनवली असेल. तुम्ही एकदाही तसं म्हणाले नाही. तुमची मावशी गेली, तरी म्हणून राहिले मीच जिम्मेदार. गजेंद्रभाऊंसाठी तुम्ही असं केलं नसतं. त्यांनी तर तुम्हाला कामावरून काढायला दोनदा नोटीस दिली. कोणाला वाचवून राहिले?"

सुमेधने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मले नका इचारू म्याडम. तिच्याबिगर आमच्या वस्तीचं कोनी बोलत नाई तिथं. मी गेलो तं एक मानूस जाते. थे गेली तं सगळे जातेत."

एवढं पुरेसं होतं. पण प्रियंकाला ते आधीच कळलं होतं.

करुणा आपल्या घराच्या मागच्या अंगणात होती. दगडी टाक्याच्या कडेला बसून रिकामा गुंड पुन्हा पुन्हा घासत होती. प्रियंकाने फाटक लावून घेतलं.

"ताई," प्रियंका म्हणाली. दोघींपैकी कोण मोठी, हे पाहायची ती वेळ नव्हती. "सकाळी मी आले तेव्हा गल्लीत चिखल होता. तुम्ही पहाटेपासून घराघरांतलं पाणी ओतून देत होतात. हात कोपरापर्यंत ओले होते तुमचे."

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं."

"डॉक्टरांनी दुपारी सांगितलं. सकाळी त्यांच्यासकट सगळं गाव खिरीला दोष देत होतं. ज्याला खिरीचा संशय असेल तो आधी खीर फेकतो. तुमच्या डोळ्यांसमोर विहारात पातेलं तसंच होतं. सील लागायच्या आधीही तुम्ही त्याला हात लावला नाही. पाणी तेवढं फेकलं."

करुणाचा हात थांबला.

"अलकाच्या दारातला निळा ड्रम तेवढा भरलेला उभा आहे. मी तिला आत्ता विचारलं. ती म्हणाली, करुणाताईनं सांगतलं, हे टँकरचं हाय, हे राहू दे. म्हणजे कुठलं पाणी वाईट आणि कुठलं चांगलं, हे तुम्हाला पहाटेच माहीत होतं. आणि आठवडाभर पाण्यासाठी भांडणारी बाई आज म्हणते, पाणी सोडू नका. सोडलं तर काय होईल, हे एकाच माणसाला ठाऊक असू शकतं."

"कोनाले?"

"ज्याच्या हातानं व्हॉल्व उघडला, आणि पुरा बंद झाला नाही, त्याला."

गुंड करुणाच्या हातातून सुटून फरशीवर घरंगळत गेला.

तिनं तो उचलला नाही. मग बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी खाली होता. "लीलामावशी आलती माह्याकडं शनवारी. म्हणे करुणा, पौर्निमेले खीर कशानं शिजवू, भांडे कशानं धुवू, लोकाइले पेयले काय देऊ. टेकाडावर टाकी भरून ठेवली हाय, आन् आपन कोनाच्या हाताची वाट पाहून राहिलो? मले बी राग आला म्याडम. बैठकीत गजेंद्रभाऊनं उभं राहून सांगतलं होतं, टाकी साफ झाली, पानी तपासलं. मी होती ना तिथं. टाळी वाजवली मी बी. सुमेधले किल्ली मागतली. त्याले बी वाटलं, चांगलंच पानी हाय, देऊ. सकायी सकायी जाऊन उघडला."

"पाणी कसं होतं?"

"पयले जरा पिवयं आलं. मले वाटलं, नवा पाइप, नवा चुना असीन. मंग साफ दिसलं. अख्खी वस्ती नाचली म्याडम. मावशीनं माह्या तोंडावरून हात फिरवला." ती थांबली. "बंद करायले गेली तं चाक नुसतंच फिरे. लय जोर लावला. पानी कमी झालं, पन आतून आवाज येतच होता. कुलूप लावून आली. रातच्याले पयली उलटी माह्या सासूले झाली. तवाच समजलं."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"कसं सांगू? गजेंद्रभाऊ म्हनतीन, पाहा, हिनंच जहर पाजलं आपल्या लोकाइले. टाकी साफ नवती हे कोन इचारीन मंग? आन् मावशी..."

नव्या टाकीवरची मोटर थांबली. अंगणात एकाएकी शांतता झाली. टाकी भरली होती.

५

त्यानंतर जे झालं ते प्रियंकाला पुढे कधी सलग आठवलं नाही. फोनवर ती एसडीएम साहेबांवर ओरडली, हे डोंगरेंनी नंतर सांगितलं. माणूस मिळाला, व्हॉल्व अर्धा उघडा आहे, दोन्ही टाक्यांची लाइन चेंबरमध्येच जुळते, नवी टाकी सोडली तर आतापर्यंत भीमनगरापुरतं राहिलेलं जुनीचं पाणी सगळ्या गावात जाईल. एसडीएम साहेबांनी आदेश मागे घेतला. पण नव्या टाकीवरच्या माणसाचा फोन लागेना. सुमेध कुणाची तरी मोटरसायकल घेऊन तिकडे सुटला. तो पोचला तेव्हा त्या माणसाचे हात चाकावर होते.

टेकाडावर भीमनगरची माणसं फावडी, टोपली, जे मिळेल ते घेऊन मुरूम उपसत होती. ज्यांच्या घरात दुपारी प्रेत होतं तीही आली होती. अलका आली होती. पोलीस कडेला उभे होते. चेंबरचं झाकण मोकळं झालं तेव्हा सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत आतून पाण्याची बारीक सूं सूं ऐकू आली.

मग टाकीचं वरचं झाकण काढलं. पाणी तळाला गेलं होतं, बॅटरीच्या उजेडात गाळ दिसला. काळा, जाड, कित्येक वर्षांचा. मेलेली कबुतरं. भिंतीच्या तड्यातून शोषखड्ड्यांकडचा ओघळ खाली उतरलेला. टाकीला आतून कोणी हातही लावलेला नव्हता.

गर्दी गजेंद्रभाऊंकडे वळली. ते मागे सरकले, पण त्यांचा आवाज अजून मोठा होता.

"साफ नवती तं बंद होती ना! मी बंद ठेवली होती! कोनी उघडली? इचारा ह्या सुमेधले! किल्ली त्याच्याजवळ होती. यानंच मारलं आपल्या मावशीले!"

नव्या टाकीवरून परतलेला सुमेध तिथंच उभा होता. त्यानं नाही म्हटलं नाही. कुणीतरी त्याची कॉलर धरली. दुसऱ्यानं त्याला मुरमावर ढकललं. प्रियंका मधे घुसायला गेली, पण माणसांच्या पाठी भिंतीसारख्या लागल्या. तिच्या मनात तेव्हा एक विचार येऊन गेला, तो नंतर बरेच दिवस तिला छळत राहिला. गजेंद्रभाऊंनी मुरूम टाकून पुरावा झाकला, टाकी त्यांनीच घाण ठेवली. उघडली कोणी, हे नाहीच सांगितलं तर? तिच्याच जातीची, तिच्याच मातीतली एक बाई वाचेल. खोटंही बोलावं लागणार नाही. नुसतं गप्प बसायचं.

"त्याले सोडा."

करुणा चेंबरच्या कठड्यावर चढली होती.

"किल्ली मी घेतली होती. व्हॉल्व मी उघडला. पौर्निमेले पानी पाह्यजे म्हून उघडला. टाकी साफ हाय असं मले बैठकीत सांगतलं होतं, म्हून उघडला." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "पन रातच्याले मले समजलं, आन् मी बोलली नाई. रातीच बोलली असती तं डॉक्टरीनबाईले खिरीमागं जावं लागलं नसतं. दवा आधी भेटली असती. थे माह्या अंगावर हाय. सुमेधच्या नाई."

कॉलर धरलेला हात सुटला. करुणा खाली उतरली आणि अलकासमोर जाऊन उभी राहिली.

अलकाने तिच्याकडे पाहिलं. मग ती वळून टेकाड उतरून गेली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या टाकीचं पाणी जुनी लाइन तोडून, धुऊन मगच सुटलं. नागपूरहून विशालचा फोन आला की पोरीनं डोळे उघडले, बिस्किट मागितलं. गजेंद्रभाऊ आणि डोंगरे यांना ठाण्यात बसवून ठेवलं होतं. करुणालाही. दोन्ही बाजूंचे वकील सौसरहून निघाले होते.

प्रियंका ठाण्याच्या व्हरांड्यात बसून अहवाल लिहीत होती, आणि करुणाच्या नावाशी येऊन तिचं पेन अडत होतं. एसडीएम साहेबांनी फोनवर सुचवलं होतं, वातावरण तापलेलं आहे, अध्यक्षांचं नाव सध्या सौम्य ठेवा. वस्तीतले चारपाच जण येऊन सांगून गेले होते, करुणाताईंचं नाव घालू नका, त्यांनी आपल्यासाठीच केलं. दोन्हीकडून एकच मागणी होती, फक्त नाव वेगळं.

तेवढ्यात अलका आली. आईला मूठमाती देऊन ती सरळ इकडेच आली होती. पांढरं पातळ, केस ओले, पायांत चप्पल नाही.

"बसा," प्रियंका म्हणाली.

"बसत नाई. बयान द्यायचं हाय मले."

"कोणाविरुद्ध?"

"दोघाइच्या."

प्रियंकाने पेन खाली ठेवलं.

"वस्तीतले लोक सकायपासून मले समजावून राहिले," अलका म्हणाली. "म्हंतेत, करुणानं जानून नाई केलं, तिचं नाव नको घेऊ, नाईतर गजेंद्र सुटते. तिकडून गजेंद्रभाऊचा मानूस आला. थो म्हन्ते, करुणाचं नाव घे, भाऊ तुह्या पोरीचं पाहीन. माह्या मायचं कोनी बोलूनच नाई राहिलं म्याडम. माय मरताना तिले वाटलं, तिच्या खिरीनं वस्ती आडवी झाली. तेवढं ओझं घेऊन गेली थे. एक झन खोटं बोलला म्हून गेली. एक झन चूप राह्यली म्हून गेली. मले दोघंबी पाह्यजे."

"करुणाताईंनी स्वतःहून कबूल केलं. कोर्ट ते बघेल. तुम्ही त्यांना माफ..."

"माफ नाई केलं." अलकाने पदराने तोंड पुसलं. "करीन का नाई, मले मालूम नाई. लहानपनी तिनं आन् मी एका ताटात खाल्लं. आज तिच्या सासूले सलाईन लागून हाय, घरात कोनी नाई, तं मी तिथं भाकर देऊन आली. थे वेगळं. बयान वेगळं."

आतल्या खोलीच्या दारात करुणा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हवालदाराच्या शेजारची खुर्ची उचलून तिनं व्हरांड्यात आणून ठेवली आणि आत निघून गेली.

अलका क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग बसली.

"लिवा," ती म्हणाली. "सगळ्यात पयले हे लिवा का खीर चांगली होती."